विसाव्या वर्षी मी बारा वर्षांची झाले

डॉक्टरकाकूंनी मला त्यांच्या मुलाला शिकवायला ठेवलं होतं, असं म्हणणं तितकंसं बरोबर होणार नाही. मिहीर बारावीत होता आणि त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. तो झोपेत बडबडला तरी इंग्रजीतच बडबडत असावा. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इंग्रजी विषय घेऊन. पण माझं इंग्रजी सगळं पुस्तकातलं. बोलायची वेळ आली की आधी मनात वाक्य जुळवायचं, क्रियापद तपासायचं, आणि ते ओठांपर्यंत येईस्तोवर समोरच्यांचा विषय बदललेला असायचा. तरी आमच्या कॉलेजच्या मॅडमनी माझं नाव सुचवलं आणि काकूंनी मला गंगापूर रोडच्या बंगल्यावर बोलावलं. त्यांनी माझं गाव विचारलं. वडील काय करतात ते विचारलं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं होतं का, तेही विचारलं. मी म्हणाले, कॉलेज दूरच राहिलं, माझ्याआधी आमच्याकडे कुणी दहावीही झालेलं नाही. काकूंचा चेहरा उजळला. "अगं, परफेक्ट!" त्या म्हणाल्या. माझ्या घरच्यांच्या न शिकण्याचं इतकं मनापासून स्वागत त्याआधी कुणी केलं नव्हतं.

काम असं होतं. मिहीरला दिल्लीच्या बाजूच्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात जायचं होतं, म्हणजे काकूंना त्याला तिथं पाठवायचं होतं. तिथं नुसते मार्क चालत नव्हते, अर्जाबरोबर निबंधही लागायचे. आपण कोण आहोत, काय सोसलं, त्यातून काय शिकलो, समाजाला काय दिलं, हे सगळं मोजक्या शब्दांत लिहायचं. त्यासाठी मुंबईचे एक सल्लागार ठेवले होते, केदार सर. ते आठवड्यातून एकदा लॅपटॉपच्या पडद्यावर यायचे. मधल्या दिवसांत मिहीर निबंधाला बसत नाही, तर त्याला बसवणं हे माझं काम. "तू काही करू नकोस," काकू म्हणाल्या, "फक्त त्याच्याजवळ बस. तुझ्यामुळे त्याला जरा रिअ‍ॅलिटी कळेल." म्हणजे घरात तुळशीचं रोप ठेवतात, तसं मला ठेवलं होतं.

मी राहायचे सातपूरला, मामाकडे. दोन खोल्या, मागच्या बाजूला लेथ मशीनचं वर्कशॉप. सकाळी भोंगा झाला की मामा डबा घेऊन बाहेर पडायचा आणि वर्कशॉपची घरघर सुरू व्हायची. ती दिवसभर भिंतीतून इतकी मुरून यायची, की रविवारी ती बंद असली तर मामीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं आणि ती उगीच भांडी वाजवत बसायची. बंगल्यात आवाज वेगळे होते. दाराची बेल मंत्र म्हणायची. पाण्याचं फिल्टर मधूनच गुरगुरायचं. आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात अण्णांच्या वर्तमानपत्राची पानं उलटत असायची. अण्णा हे मिहीरचे आजोबा. नाशिक रोडच्या प्रेसमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर नोटा छापल्या आणि रोज रिकाम्या खिशानं घरी आलो, हा विनोद ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकवायचे. तो झाला की त्यांची आपली ओळख झाली असं समजायचं.

पहिल्याच दिवशी काकूंनी माझ्यापुढे काळपट बिस्किटांची बशी ठेवली. "खाऊन बघ. नाचणीची आहेत. खूप हेल्दी असते नाचणी, तुला माहिती नसेल." मी नागलीच्या, म्हणजे याच नाचणीच्या, भाकरीवर वाढलेली मुलगी. पेठ तालुक्यातल्या आमच्या घरात तव्यावर दुसरं काही फारसं पडलंच नाही. पण मी तेव्हा समोरच्याचं बोलणं खोडायला फार घाबरायचे, म्हणून म्हणाले, "हो का?" आणि बिस्कीट खाल्लं. त्यात नागली कुठं होती, ते शोधावं लागत होतं. अण्णा पेपराच्या वरून माझ्याकडे बघत होते. "कसंय?" त्यांनी विचारलं. "गोड आहे," मी म्हणाले. "नाचणीला घाबरून साखरच पळत सुटलीय त्यात," अण्णा म्हणाले आणि परत पेपरात शिरले.

केदार सरांची पहिली बैठक मला चांगली आठवते. पडद्यावर तरुण, दाढी कोरलेला माणूस आणि त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट. ते कपाट खरं नव्हतं. सर हलले की त्यांच्या कानाभोवतीची पुस्तकं वितळायची. "मिहीर," सर म्हणाले, "तुझा स्ट्रगल काय?"

"मॅथ्स?" मिहीर म्हणाला.

"मॅथ्स सगळ्यांचाच असतो. तुझा पर्सनल. जिथं तू तुटलास आणि परत उभा राहिलास."

मिहीर विचारात पडला. मुलगा खोटा नव्हता. खरोखर आठवून बघत होता. काकू मदतीला आल्या. "अरे, चौथीत तुझं टॉन्सिलचं ऑपरेशन झालं होतं ना?"

"त्यातलं मला फक्त आइस्क्रीम आठवतंय."

"ते नको सांगूस."

"घरात कुणी," सरांनी आवाज हळू केला, "जवळचं कुणी गेलंय का? अलीकडे?"

काकू पडद्याकडे बघत होत्या, मिहीर छताकडे, आणि मी सतरंजीच्या नक्षीकडे. कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघायचं नाही, हे सगळ्यांना एकदमच सुचलं होतं. खुर्चीतून आवाज आला, "अर्जाची शेवटची तारीख कधी आहे हो?"

"अण्णा, काहीतरीच काय!"

"नाही, मला सोय बघायला पाहिजे. तुमच्या क्लिनिकची गर्दी सांभाळून करायचं म्हणजे आधी कळलेलं बरं."

मिहीर हसत सुटला. मीही हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला, कारण मला कुणी हसायला ठेवलं नव्हतं. केदार सर मात्र हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं, 'वैयक्तिक दुःख नाही. समाजसेवेतून काढावं लागेल.' ते लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते, म्हणून मला कळलं. पेशंटला रक्त नाही म्हणून दुसऱ्याचं चढवतात, तसंच हे, अशी उपमा काकूंनी दिली. त्या डॉक्टर होत्या, त्यांना ती सुचणं साहजिक होतं.

आता माझ्याकडेही मुलं निबंध घेऊन येतात. मी नाशिकलाच एका कॉलेजात शिकवते आणि कुठंकुठं अर्ज करणारी मुलं वर्ग संपल्यावर टेबलापाशी घुटमळतात. त्यांच्या कागदांवर अजूनही पहिल्या ओळीत कुणीतरी रडत असतं. मी ती ओळ खोडते आणि म्हणते, दुसरीपासून सांग. बहुतेकांना दुसरी ओळ नसतेच. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, की जखम दाखवल्याशिवाय दार उघडत नाही.

त्या दिवसांत मीही एक अर्ज भरत होते. बंगल्यातल्या टेबलावर विद्यापीठाचं चकचकीत माहितीपत्रक पडलेलं असायचं. मिहीरनं ते कधी उघडलं नाही. मी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यात मागच्या पानावर मला दिसलं, की पदवी झालेल्यांसाठी तिथं एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे आणि निवड झाली तर राहणं, जेवण, शिकणं सगळं विद्यापीठ करतं. मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यासाठी दोन पत्रं हवी होती. एक आमच्या मॅडम देणार होत्या. दुसरं, ज्यानं तुमचं काम जवळून पाहिलंय अशा माणसाचं. मी चाचरत केदार सरांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "अरे, व्हाय नॉट! माझं पत्र तिथं चालतं. मिहीरचं एकदा मार्गी लागू दे." तेव्हापासून मिहीरचं मार्गी लागणं आणि माझं मार्गी लागणं एका दोरीला बांधलं गेलं. मिहीरला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याजवळ बसून त्याच्या निबंधाची त्याच्यापेक्षा जास्त काळजी करायचे आणि त्याला वाटायचं, ही ताई फारच मायाळू आहे.

समाजसेवा कुठं करायची यावर फार चर्चा झाली नाही. काकू म्हणाल्या, "अगं, तुझं गाव आहेच की!" सौर दिवे वाटायचं ठरलं. फोटोची यादी केदार सरांनी पाठवली. त्यात पहिला फोटो, अंधाऱ्या झोपडीत दिव्याच्या उजेडात अभ्यास करणारं मूल. मी म्हणायचा प्रयत्न केला की आमच्याकडे वीज आहे. अधूनमधून जाते, पण आहे. काकू म्हणाल्या, "जाते ना? मग झालं तर."

रविवारी सकाळी गाडी सावळघाट चढून गेली. मागं दिव्यांची खोकी, पाण्याचा मोठा जार आणि सँडविचचे डबे. आईला मी फोनवर सांगितलं होतं की मी जिथं शिकवायला जाते ती माणसं येणार आहेत. तिनं ऐकलं ते एवढंच, की पाहुणे येणार आहेत. गाडी दारात थांबली तेव्हा चुलीवर गावठी कोंबड्याचा रस्सा रटरटत होता, उडदाचं भुजं, म्हणजे घट्ट आमटी, झालं होतं, आणि नागलीच्या भाकरींची चळत फडक्यात बांधून ठेवली होती. शेजारच्या काकीकडून स्टीलची चांगली ताटं आणून, घासून, उन्हात पालथी घातली होती. आईनं माझ्या चुलतबहिणीच्या लग्नातली जांभळी साडी नेसली होती.

काकू गाडीतून उतरल्या आणि आमच्या घराकडे बघत राहिल्या. सरकारी योजनेतलं घर होतं, सिमेंटचं. वडिलांनी आदल्याच वर्षी आत फरशी बसवून घेतली होती, आणि छपरावर टीव्हीची छत्री होती. "अगं, तू तर म्हणाली होतीस लहानसं घर आहे," काकू माझ्या कानात म्हणाल्या. त्यांच्या आवाजात फसवलं गेल्याचं दुःख होतं.

"लहानच आहे, काकू."

"हो, पण…" त्या फरशीकडे बघत म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "ताई, तुमची रोजची एखादी साडी नाही का?"

"हाय की," आई म्हणाली. "पण पाव्हणे आल्यावर रोजची कशी नेसू?"

"फोटोसाठी हो."

"फोटोसाठीच तर नवी नेसली."

मग अंधाराचं काम सुरू झालं. भर दुपार, लख्ख ऊन. दार लावलं. खिडकीवर पोतं टाकलं. पोतं वाऱ्यानं हलतं म्हणून पंखा बंद केला. माझ्या चुलतभावाच्या लहान्या पोराला खाली बसवून त्याच्यापुढे मराठीचं पुस्तक उघडून ठेवलं आणि शेजारी दिवा लावला. फटींमधून ऊन येत होतं, तिथं आईच्या घडीच्या गोधड्या लावल्या. आई इतका वेळ हे सगळं मोठ्या काळजीनं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "बाई, लाइट हाय की. बटण दाबू का?"

"नको नको, ताई."

"पोराला दिसत नसंल."

"तेच तर हवंय," काकू म्हणाल्या. पोराच्या कपाळावरून घाम पुस्तकावर पडत होता. काकूंनी मोबाइल डोळ्यांसमोर धरला. "घाम छान आलाय," त्या म्हणाल्या, "पुसू नकोस हं, बाळा." मिहीर दिवा धरून उभा होता, त्याचेही कान लाल झाले होते. तो हळूच म्हणाला, "आई, बाहेर खूप उजेड आहे." ते ऐकून सगळ्यांना वाटलं, पोरगा बिनकामाचं बोलतोय. त्या दिवसातलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

फोटो झाल्यावर आईनं ताटं मांडली. काकू हात जोडून म्हणाल्या, "नको हो, आम्ही आणलंय. मिहीरचं पोट फार नाजूक आहे." ते गाडीत एसी लावून सँडविच खायला बसले. मिहीर काचेतून आमच्या दाराकडे बघत होता. रश्श्याचा वास तिथपर्यंत गेला असणार. मी गाडीत बसावं की घरात, ते मला ठरवता येईना. मी मध्ये अंगणात उभी राहिले. आई हातात ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि ते ताट कुठं ठेवावं हे तिलाही कळत नव्हतं. आमच्याकडे पाहुणा न जेवता उठला तर त्याचा अर्थ एकच, घरात काहीतरी चुकलं, तो नाराज होऊन गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आई फोन केला की शेवटी विचारायची, "काय चुकलं गं माझं? मीठ-मसाल्याचा वास आला असंल का जास्ती?" मी म्हणायचे, तसं काही नाही. मग तिनं तो दिवा गोठ्यात टांगला. त्या वर्षी आमच्या गाईनं काय अभ्यास केला ते तिलाच ठाऊक.

निबंध मिहीरनं लिहिला, आणि हे सांगायला पाहिजे की त्यानं तो वाईट लिहिला नव्हता. त्यात मी होते. माझ्याजवळ बसणारी ताई या गावातून आली, ती प्रत्येक वाक्य बोलण्याआधी मनात तपासते, तिच्या घरी मी दिवा घेऊन गेलो आणि तिथं दिवा आधीच होता, असं त्यानं लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला. केदार सरांनी तो वाचला आणि सुस्कारा सोडला. "यात एका मुलीच्या दोन झाल्यात. एक तुला शिकवणारी, एक गावातली. गावातलीच ठेव. आणि वय कमी कर, बारा ठेव." मग ते मला म्हणाले, "हे बघ, तुझा प्रॉब्लेम हा आहे की तू आधीच शिकलीयस. तू आधीच शिकली असशील तर दिव्यानं काय केलं?"

मला या प्रश्नाचं उत्तर अजूनही देता येत नाही. मी तेव्हा एवढंच म्हणाले, "पण सर, मी बारा वर्षांची नाहीये."

"इमोशनली आहेस," सर म्हणाले.

मी धीर करून आणखी एक विचारलं. माझ्या अर्जातही निबंध होता आणि त्यात मी माझं गाव, माझी शाळा लिहिली होती. ते चालेल का? सरांनी मान हलवली. एकाच गावावर दोन निबंध गेले तर लक्षात येईल. आणि खरं सांगायचं तर, ते म्हणाले, तुझ्यासारख्या मुलीनं संघर्ष लिहिला तर ते अपेक्षितच असतं. तेच मिहीरनं लिहिलं की तो संवेदनशील ठरतो. तू दुसरं काहीतरी बघ. वाचनाची आवड वगैरे. सर हे सगळं अगदी प्रेमानं सांगत होते. आपली गोष्ट आपल्याच अंगावर शोभत नाही, हे इतक्या गोड आवाजात सांगता येतं, हे मला तिथं समजलं.

घरी येऊन मी मामा-मामीला सांगितलं, की आजपासून मी बारा वर्षांची. मामा बूट काढत होता. "लिहू दे की," तो म्हणाला, "आमच्याकडं मशीन बंद पडलेलं असतं आन् रजिस्टरात चालू असतं. पत्र मिळतंय ना तुला?" मामी भाकरी थापत होती. "बरंच झालं," ती म्हणाली, "एस.टी.त हाफ तिकिटात येशील."

अर्ज गेला. मग विद्यापीठाकडून निरोप आला, की निबंधात ज्या कुटुंबाचा उल्लेख आहे त्यांच्याशी त्यांना दोन शब्द बोलायचेत. संपर्कासाठी नाव द्यायची जागा होती आणि तिथं केदार सरांनीच मोठ्या उत्साहानं आईचं नाव भरलं होतं. एरवी कुणी फोन करत नाही म्हणे. आता सगळी धावपळ. गावात आंब्याखाली रेंज येते, तिथून आईनं फोनवर बोलायचं. तो फोन काकूंच्या टेबलावर स्पीकरवर ठेवायचा. विद्यापीठाच्या बाई लॅपटॉपवर इंग्रजीत विचारणार. त्या दक्षिणेकडच्या होत्या, त्यांचं हिंदी माझ्या आईच्या हिंदीइतकंच. मधे दुभाषी मी. "शब्दशः करू नकोस," केदार सरांनी मला आधी बजावलं, "भाव पकड. दिव्याचं विचारलं की आयुष्य उजळलं, एवढं यायलाच हवं. आणि तुझं पत्र मी आज संध्याकाळीच लिहायला घेतोय, बरं का." मी मान डोलावली. मी खरोखर भाव पकडायचं ठरवून बसले होते. ते पत्र मला हवं होतं. इतकं दुसरं काही मला तोवर कधी हवं वाटलं नव्हतं.

बाईंचे केस पांढरे होते, चष्मा नाकावर घसरलेला. केदार सर दुसऱ्या चौकटीत, कॅमेरा बंद करून. मिहीर माझ्या शेजारी, काकू त्याच्या मागं उभ्या, अण्णा खुर्चीत. बाईंनी विचारलं, या मुलानं तुमच्या गावासाठी काय केलं?

"दिवे वाटले," आईचा आवाज आला, मागं कावळे ओरडत होते. "चांगले हायेत. लाइट जाते तवा गोठ्यात कामाला येतो."

मी ते इंग्रजीत सांगितलं. गोठा आला तेव्हा केदार सर खोकले. बाईंनी विचारलं, या मुलाबद्दल तुम्हांला काय वाटतं?

"पोरगं चांगलं हाय," आई म्हणाली. "पण आमच्याकडं जेवलं नाय."

इथं मला आयुष्य उजळवायचं होतं. वाक्य तयार होतं, क्रियापदासकट. मी तोंड उघडलं आणि मला आई ताट घेऊन उभी दिसायला लागली. मी म्हणाले, "त्या म्हणतात, मुलगा चांगला आहे, पण आमच्याकडे जेवला नाही."

बाई पुढे झुकल्या. "का?"

मी आईला विचारलं, का? "तेच तर मी लेकीला इचारते रोज," आई म्हणाली. मी तेही सांगितलं.

"हां, लेक!" बाईंनी समोरचे कागद चाळले. "निबंधातली मुलगी. ती अजून त्या दिव्याखाली अभ्यास करते का, विचारा ना."

मी फोनकडे वाकले. "आई, त्या विचारतायत, तुमची मुलगी दिव्याखाली अभ्यास करते का?"

"कोण मुलगी?"

"तुमची."

"म्हंजे तू?"

मिहीरच्या नाकातून आवाज आला. "आई, तू फक्त उत्तर दे," मी म्हणाले.

"अगं जये, पण तू तर नाशकात हायेस. मामाकडं बल्ब नाय का?"

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "त्या म्हणतात, त्यांची मुलगी नाशिकमध्ये राहते."

"बाराव्या वर्षी? एकटी?"

"नाही मॅडम. ती वीस वर्षांची आहे."

बाईंनी चष्मा काढला. "आणि ती नाशिकमध्ये काय करते?"

मी नेहमीसारखं वाक्य मनात जुळवलं. क्रियापद तपासलं. ते चालू वर्तमानकाळाचं होतं आणि बरोबर होतं.

"सध्या ती भाषांतर करतेय," मी म्हणाले.

मग मिहीर माझ्या खांद्यावरून पडद्यासमोर आला आणि त्याच्या त्या सुंदर इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, ती हीच आहे. जूनपासून ही मला शिकवतेय. त्यांच्या घरी लाइट होती, आम्ही ती लावू दिली नाही." त्याचं वाक्य पुरं होतंय तोच काकूंचा हात आला आणि लॅपटॉप मिटला गेला.

"नेट गेलं," काकू म्हणाल्या.

टेबलावरच्या फोनमधून आई अजून बोलत होती. "हॅलो? जये? बाई गप का झाल्या? लाइट गेली का तुमच्याकडं?"

अण्णा खुर्चीतून उठले. त्यांना उठायला वेळ लागायचा. त्यांनी फोन हातात घेतला आणि तो तोंडासमोर आडवा धरून, जरा मोठ्यानंच, म्हणाले, "नाही ताई, लाइट आहे. मी मुलाचा आजोबा बोलतोय. आमचं पोरगं तुमच्याकडं जेवलं नाही, ती आमची चूक. तुमचं काही चुकलं नाही."

पलीकडं कावळे ओरडत होते. मग आई म्हणाली, "बरं. मग ठेवू का? भात लावायचाय."

काकूंनी मला पुन्हा बोलावलं नाही. मिहीरनं निबंध मागं घेतला आणि दुसरा लिहिला. कशावर, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिथं त्याला घेतलं नाही, पुण्यात घेतलं. मला त्या निवासी अभ्यासक्रमाला जागा मिळाली ती अगदी शेवटच्या यादीत, आणि ती कशामुळे मिळाली हे मला कुणी कळवलं नाही. केदार सरांचं पत्र आलं नव्हतं. मुदत संपायच्या आधी अण्णाच रिक्षानं सातपूरला आले, मामीचा चहा प्यायले, नोटांचा विनोद मामाला ऐकवला, आणि जवळून काम पाहिल्याचं पत्र त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून मराठीत लिहून दिलं, खाली 'सुपरवायझर (निवृत्त)' अशी सही करून. दोनच ओळी होत्या. या मुलीचं काम मी जूनपासून रोज समोर बसून पाहिलं आहे. समोरचा माणूस जे बोलतो तेच ती सांगते, पदरचं काही घालत नाही. विद्यापीठाला पत्र इंग्रजीतच हवं होतं, आणि आमच्या घरात इंग्रजी येणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याचं भाषांतर मीच केलं. एखादा चांगला शब्द जास्तीचा टाकावा असं फार वाटत होतं. टाकला नाही.